रानातली वाट: पाहुण्यांना पायघड्या, आमच्या मोळीला दंड!

लासलगाव म्हटले की कांदा, कांदा म्हटला की भाव आणि भाव म्हटला की रास्ता रोको. १९४७ पासून उभी असलेली इथली बाजार समिती आशियातील सर्वात मोठी कांदा बाजारपेठ म्हणून मिरवते. त्यामुळे लासलगावचे नाव अग्रलेखात आले की वाचक भावाची चर्चा गृहीत धरतो. आज आम्ही ही रीत मोडणार आहोत. आज आम्हाला लिहायचे आहे ते सायकलवर आणि रानातून जाणाऱ्या एका वाटेवर. आमच्यातलेच काही जण म्हणतील, समाजावर रोज अत्याचार होत असताना, शिष्यवृत्त्या रखडत असताना, आमच्या संपादकांना हे सायकलचे खूळ कुठून सुचले? खूळ असेल तर असो. पण वाचकांनी शेवटपर्यंत वाचावे आणि मग ठरवावे.

नाशिक स्वतःला सायकलपटूंचे शहर म्हणवून घेते आणि त्यात खोटे काही नाही. २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलने पार करण्याची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत पूर्ण केली. कौतुक करावे असेच ते काम. तेव्हापासून जिल्ह्यात महागड्या सायकलींचा सुकाळ झाला आणि डांबरी रस्ता अपुरा वाटू लागला तशी या सायकली रानाकडे वळू लागल्या. जाड टायरांची, पुढे-मागे धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगांची, माउंटन बाईक म्हणतात ती ही सायकल. तिच्यासाठी डोंगरात, झाडीत खास आखलेली वाट लागते आणि नवशिक्यांसाठी त्यातही सोपी वाट. जगभर अशा वाटा आहेत. आपल्याकडेही त्या होणार, आज ना उद्या होणारच. त्या होण्याआधी आमचे म्हणणे नोंदवले जावे एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

लासलगावला रान आहेच कुठे, असा प्रश्न कोणी विचारील. बरोबर आहे. निफाड तालुका हा काळ्या मातीचा, द्राक्षांचा, उसाचा आणि कांद्याचा. जंगल म्हणावे असे इथे थोडेच. पण चारी दिशांना नजर टाका. दक्षिणेला गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आणि त्याच्या फुगवट्यावरचे पक्षी अभयारण्य. १९८६ साली ते अभयारण्य झाले, आणि २०२० च्या जानेवारीत रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेले ते महाराष्ट्रातील पहिले स्थळ ठरले. उत्तरेला चांदवडची डोंगररांग. पूर्वेला येवल्यापलीकडे ममदापूर-राजापूरचे काळविटांचे माळरान, जे २०१४ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. शिवाय गावोगावचे गायरान, नाल्याकाठची बाभूळ-हिवराची झाडी, सामाजिक वनीकरणाने लावलेले पट्टे. एखाद्या पोराला पाच-सहा किलोमीटर सायकल हाकायला एवढे रान पुरेसे आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. या रानात वाटा आधीपासून आहेत. त्या कोणी पाडल्या? त्या सरपणाला जाणाऱ्या बायांच्या पायांनी पडल्या, शेरडे राखणाऱ्या पोरांनी पाडल्या, डिंक-मध गोळा करणाऱ्या भिल्ल-कोळी बांधवांनी पाडल्या. गावकुसाबाहेर ज्यांना ठेवले त्यांचे घर रानाला लागून होते, म्हणून रानाची वाट त्यांच्या अंगणातून जात होती. आणि कायद्याने या वाटसरूंना काय दिले? १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि जनावर चारणे हा गुन्हा ठरवला. त्याच १९२७ साली बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर माणसांना घेऊन गेले होते, हा योगायोग आम्ही विसरू शकत नाही. एका बाजूला पाण्यावरचा हक्क बजावला जात होता आणि दुसऱ्या बाजूला साहेबाच्या सरकारचा कायदा रानाचे दार लावून घेत होता. साहेब गेला, कायदा राहिला. आजही मोळी डोक्यावर घेतलेली बाई वनरक्षकाला पाहून वाट बदलते. तिच्याच वाटेवर उद्या रंगीत पाट्या लागतील, बाण रंगवले जातील, आणि हेल्मेटवाल्या पाहुण्यांना 'स्वागत आहे' म्हटले जाईल. वाट तीच. मग चालणाऱ्याची जात बदलली की गुन्ह्याचे पर्यटन होते काय?

ही आमची कल्पनाशक्ती आहे असे कोणी समजू नये. कायदा वाचावा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा कामांसाठी वनजमीन देण्याची सोय केली. पण प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, अशा अटी घातल्या. अटी योग्यच आहेत. मात्र २०२३ साली वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि वन विभागाच्या कार्य आयोजनेत समाविष्ट असलेल्या पर्यावरण-पर्यटनाच्या सुविधा 'वनेतर वापर' या व्याख्येतूनच वगळल्या गेल्या. गावच्या अंगणवाडीला वन मागायचे तर झाडे मोजायची. पाहुण्याच्या विसाव्याला लागले तर तो वनाचाच वापर! दिल्लीत बसून कायदे करणाऱ्यांना आमचे लेकरू रानात दिसत नाही, पर्यटक मात्र दिसतो.

आणि वनहक्क कायद्यातील ती दुसरी अट. अनुसूचित जमातीचा नसलेला वननिवासी असेल तर त्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, आपण तिथे राहत होतो हे सिद्ध करायचे. हिशेब करा. म्हणजे १९३० पासून. १९३० हे कोणते साल? २ मार्च १९३० ला याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ज्या वर्षी आमच्या माणसाला देवळाच्या दारात उभे राहू दिले जात नव्हते, त्या वर्षीचा कागद आज त्याच्या नातवाकडे मागितला जातो. कुठून आणायचा त्याने? ज्यांच्या हाती दप्तर होते त्यांनी आमच्या आजोबांची नोंद केली ती वेठबिगारीच्या कामापुरती. रानातले, गायरानातले आमचे वास्तव्य कोणी लिहून ठेवले? दादासाहेब गायकवाड हे याच जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभरातून तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली, ती पडीक, गायरान आणि वनजमीन कसणाऱ्याच्या नावे व्हावी म्हणून. त्या जमिनीचा प्रश्न सुटलेला नाही आणि आता त्याच जमिनीवरून सायकलची वाट आखायची वेळ येत आहे.

मग आम्ही या वाटेला विरोध करतो आहोत काय? नाही. इथेच आमचा आमच्या काही जुन्या साथींशी मतभेद आहे. असल्या गोष्टी श्रीमंतांच्या, आपल्याला काय करायच्या, असे म्हणून पाठ फिरवण्याची सवय चळवळीला लागली आहे आणि त्या सवयीने आमचे नुकसानच केले आहे. क्रिकेटची मैदाने गेली, पोहण्याचे तलाव गेले, जिमखाने तर कधी आमचे नव्हतेच. ज्यात आनंद आहे ते त्यांचे आणि ज्यात कष्ट आहेत ते आमचे, ही वाटणी कोणी केली? मनूनेच ना? ती आपण आपल्या हाताने का पाळायची?

महाडची शिकवण काय होती ते आठवावे. बोले यांचा ठराव १९२३ चा. त्यानुसार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचा महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. कागदावर तळे खुले होते, ओंजळ मात्र कोणाची पडत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी पाणी प्याले तेव्हा तो हक्क झाला. सार्वजनिक जागा सरकारी फलकाने सार्वजनिक होत नाही. तिथे आमचा माणूस जाऊन उभा राहतो तेव्हा ती होते. रस्त्याचीही तीच कथा. वायकोमला १९२४ साली जो सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतालच्या रस्त्यावरून चालण्यासाठी होता. चालण्यासाठी!

आणि सायकल? सायकल ही चैनीची वस्तू आहे असे ज्याला वाटते त्याला आमचा इतिहास ठाऊक नाही. या देशाच्या कितीतरी भागांत सवर्णाच्या घरापुढून जाताना दलिताने सायकलवरून खाली उतरावे, ती हातात धरून चालावे, अशी सक्ती होती. न उतरणाऱ्याने मार खाल्ला आहे. सायकलवर बसलेल्या माणसाची मान ताठ असते, ते जातीला सोसत नाही. म्हणूनच १९८३ साली मान्यवर कांशीरामजींनी डीएस-फोरच्या शंभर कार्यकर्त्यांना सायकलवर बसवले आणि सुमारे चाळीस दिवस उत्तरेकडच्या राज्यांतून गावोगाव फिरवले. दोन पाय आणि दोन चाके यांचा तो चमत्कार होता. सत्तेच्या गाद्यांवर लोळणाऱ्यांच्या मोटारींना जे जमले नाही ते त्या चाकांनी केले. तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेबरोबर सायकल शिकण्याची लाट आली. लाखभर बाया सायकल चालवायला शिकल्या. त्यात खडी फोडणाऱ्या होत्या, शेतमजूर होत्या. सुरुवातीला पुरुषांनी टिंगल केली. पण सायकलवर बसलेली बाई बाजाराला, दवाखान्याला, सभेला नवऱ्याच्या परवानगीवाचून जाऊ लागली आणि टिंगल विरून गेली.

आमच्या लासलगावातही हेच चित्र हवे आहे. खळ्यावर कांदा निवडणारी, गोल्टी वेगळी करणारी बाई दिवसभर उकिडवी बसते. तिची मुलगी आठवी-नववीत आहे. मानव विकास कार्यक्रमात मुलींना सरकारी सायकली मिळाल्या, पण त्या मागास ठरलेल्या १२५ तालुक्यांत. तालुका सधन म्हटला की त्यातली बौद्ध वस्ती आणि भिल्ल वस्तीही सधन, असे सरकारी गणित असते. द्राक्षाच्या बागा ज्याच्या, त्याची मुलगी स्कूटीवर. बागेत छाटणी करणाऱ्याची मुलगी पायी. ही मुलगी सायकल शिकणार कुठे? लासलगावच्या रस्त्यावर कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागली की मोठा माणूस जीव मुठीत धरून चालतो. म्हणून आम्ही म्हणतो, सोपी, झाडीतली, गाड्या नसलेली वाट ही शहरी पाहुण्याच्या आधी तिला हवी आहे.

'नवशिके' हा शब्दही जरा तपासून घेऊ. अनवाणी पायाने डोंगर चढणारी आमची मुलगी रानात नवशिकी नाही. नवशिका तो शहरातून आलेला साहेब आहे. तिला सायकल नवी आहे, त्याला रान नवे आहे. दोघांनी एकमेकांना शिकवावे, आम्हाला त्यात आनंदच आहे. फक्त एकाने पैसे मोजून रान पाहायचे आणि दुसरीने कुंपणाबाहेरून त्याला पाहायचे, हे आम्ही होऊ देणार नाही.

वाट कशी बांधतात याचेही थोडे बोलू, कारण ज्ञान ही आमच्यापासून लपवून ठेवायची वस्तू आहे असे अनेकांना वाटते. नवशिक्यांच्या वाटेचे नियम अवघड नाहीत. रुंदी तीन फूट किंवा अधिक. एकूण चढ सरासरी शंभराला पाचपेक्षा जास्त नको, एखाद्या तुकड्यात पंधरापर्यंत चालतो. वाटेत टाळता न येणारा दगड किंवा मुळी दोन इंचांपेक्षा उंच नको. वाट उताराच्या दिशेने सरळ खाली सोडायची नाही, नाहीतर पहिल्याच पावसात तिची नाली होते. ती डोंगराच्या कुशीने आडवी न्यायची, बाहेरच्या अंगाला किंचित झुकती ठेवायची आणि मधेमधे छोटा चढ-उतार द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न बसता बाजूला उतरते. काळ्या मातीत पावसाळ्यात वाट बंदच ठेवावी लागते. चिखल चाकाला धरतो आणि चाक वाटेची चाळण करते. मुरमाड माळ असेल तर काम सोपे.

हे वाचून आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना हसू येईल. कारण समतल रेषा धरून चर खोदणे हे काम त्यांनी दुष्काळापासून केले आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि पुढे रोजगार हमीच्या कामावर सलग समतल चर कोणी खोदले? नालाबांध कोणी घातले? पाणी कुठून कुठे जाईल हे ज्यांच्या कुदळीला कळते, त्यांना आता सल्लागार कंपनीचा माणूस येऊन उतार शिकवणार आणि लाखो रुपयांचे बिल लावणार! वाट बांधायचीच असेल तर ती इथल्या भूमिहीन मजुरांनी बांधावी, कायद्याने ठरलेल्या मजुरीवर बांधावी आणि दरवर्षी पावसाळ्यानंतरची दुरुस्तीही त्यांच्याकडेच राहावी. वाट म्हणजे एकदा फीत कापली की संपले असे नसते.

वाटाड्याचे कामही तसेच. नांदूर मध्यमेश्वरला स्थानिक तरुण पक्षी दाखवायला पाहुण्यांबरोबर जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण आमच्या समाजाला वाटाड्या या शब्दाची जुनी जखम आहे. अंमलदार गावात आला की महाराने पुढे धावायचे, वाट दाखवायची, सामान वाहायचे आणि त्याबद्दल भाकरतुकडा मिळवायचा, ही वतनाची वेठ होती. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाविरुद्ध विधिमंडळात बिल आणले. १९५८ च्या कायद्याने ती वेठ संपली. आता पुन्हा पाहुण्यांच्या पुढे वाट दाखवत जायचे असेल तर ते ठरलेल्या दराने, ओळखपत्राने, विम्याने आणि मानाने. बक्षिशीवर नव्हे.

ममदापूरसारख्या संवर्धन राखीव क्षेत्रात तर कारभाराची चौकट कायद्यातच लिहिलेली आहे. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण कायद्यात ती आली. व्यवस्थापन समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी, वन्यजीव क्षेत्रातल्या स्वयंसेवी संस्थांचे तीन, कृषी आणि पशुसंवर्धन खात्याचा एकेक आणि वन विभागाचा सदस्य-सचिव. म्हणजे संस्थांना तीन खुर्च्या आणि ज्यांची शेरडे त्या माळावर चरतात त्यांना हक्काची एकही नाही. ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी कोणत्या आळीतून येतो हे आम्ही वाचकांना सांगायची गरज नाही. राखीव जागा नोकरीत मागतो, विधानसभेत मागतो, मग रानाच्या समितीत का मागू नये?

काळविटांबद्दल आम्हाला आकस नाही, उलट आहे ती काळजी. माळरान हे पडीक नसते. ते काळविटाचे घर आहे आणि धनगराच्या मेंढरांचेही. सायकलींचा घोळका तिथे मधोमध घातला तर कळप बिथरतो. तेव्हा ममदापुरात वाट नकोच, असली तर कडेकडेने, गावाला लागून. नांदूरलाही पाण्याच्या काठावर चाके नेऊन पक्षी उडवण्यात शहाणपण नाही. लासलगावपासून जवळ, गायरानाच्या झाडीतून किंवा चांदवडच्या पायथ्याने जाणारी वाटच योग्य. पण गायरानावर कोणाची झोपडी, कोणाची कसलेली पट्टी असेल तर वाटेने वळसा घ्यावा. वाट वाकते, घर वाकत नाही. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले होते. ज्यांची प्रकरणे अजूनही तहसीलमध्ये धूळ खात पडली असतील, त्यांचा निकाल आधी लागू द्या. सायकलची वाट हे हुसकावणीचे नवे निमित्त होणार असेल तर तिच्या पहिल्या खुंटीपाशीच आम्ही उभे राहू.

परदेशाचे दाखले आपल्याकडच्या पुढाऱ्यांना फार आवडतात, म्हणून दोन देतो. माउंटन बाईकचा खेळ १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाला तो जुन्या, भंगारातल्या, जड सायकली डोंगरावरून सोडणाऱ्या पोरांनी. आपल्या दूधवाल्याच्या सायकलीचीच ती भावंडे. १९९६ साली तोच खेळ अटलांटा ऑलिम्पिकला पोचला. तेव्हा आमच्या वाटेवर अॅटलास आणि हीरोच्या साध्या सायकलींना 'योग्य उपकरण नाही' म्हणून कोणी अडवू नये. दुसरा दाखला स्कॉटलंडचा. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने तिथे प्रत्येक माणसाला रानातून, माळावरून, खासगी जमिनीवरूनसुद्धा पायी किंवा सायकलने, जबाबदारीने जाण्याचा हक्क मिळाला. फी नाही, परवाना नाही. आमच्याकडचे उद्घाटनवीर तिथली चित्रे आणतात, तिथला कायदा आणत नाहीत.

लासलगावहून येवला सुमारे तीस किलोमीटर. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती ऐकायला आसपासच्या गावांतून माणसे याच मुलखाच्या पायवाटांनी आणि गाडीवाटांनी गेली. दरवर्षी १३ ऑक्टोबरला मुक्तिभूमीवर आपण जीपगाड्या भरून जातो. यंदा वस्तीतल्या मुलामुलींनी सायकलवर जावे, मोठ्यांनी पुढेमागे राहून रस्ता सांभाळावा. तोपर्यंत पावसाळा ओसरलेला असतो आणि गायरानावरचा मुरूमही घट्ट झालेला असतो.

त्याआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आमच्या वाचकांनी विषय मांडावा. गायरानाचा सातबारा आणि गाव नकाशा तलाठ्याकडून आधीच काढून घ्यावा. वाट कुठून जाईल, कोणाचे घर आणि कोणाची चराई तिच्या आड येत नाही, मजुरी कोणाला, स्थानिक मुलांना फी नाही, समितीत भूमिहीन बाई हवी, हे सगळे ठरावात शब्दाने शब्द लिहून घ्यावे. बायांनी पुढे बसावे. ठराव वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये आणि ग्रामसेवकाकडून सहीशिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय उठू नये.